पांढरी पाच

एरॉल पिमबद्दल मला पहिल्या दिवसापासून संशय होता, हे आधीच सांगून टाकते. समुद्रकाठचं शहर सोडून माणूस आमच्या कूराबिनला राहायला येतो, तेही ऐन डिसेंबरच्या उन्हाळ्यात, गव्हाची कापणी चालू असताना आणि तोंड उघडलं की माशी आत जात असताना, तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असणारच. त्यानं जुनं पोस्ट ऑफिस घेतलं आणि तिथे गिटारी दुरुस्त करायला लागला. बोलणं कमी, ऐकून घेणं जास्त. "गोगलगाय आणि पोटात पाय," मी क्लेमला म्हणाले.

क्लेम हेझल्डाइन आणि मी मिळून एकोणीस वर्षांपूर्वी बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये गाण्याची दुपार सुरू केली. महिन्यातला पहिला रविवार, एकच्या ठोक्याला. दाराशी टेबलावर कागद असतो. त्यावर आपलं नाव लिहायचं, गाणं लिहायचं, पट्टी लिहायची आणि पाळी आली की उभं राहून गायचं. मागे क्लेमचा बँड असतो. ओळख नको, तालीम नको. लोकर कातरणारे, ट्रकवाले, शाळेतल्या बाई, सगळे इथे गाऊन गेलेत. काही तर असे गायलेत की बाहेरच्या झाडावरचे काकाकुवे उठून दुसऱ्या गावाला गेले. पण एकोणीस वर्षांत आम्ही कुणालाही नाही म्हटलेलं नाही. ज्याचं त्याचं गाणं, आणि ते वाजवायला सगळा गाव, एवढीच आमची मिळकत आहे.

माझी पट्टी पांढरी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी, चांगलीच उंच. तेविसाव्या वर्षी गुरांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा गायले तेव्हाही हीच होती, आणि एकाहत्तराव्या वर्षीही मी कागदावर हीच लिहीत होते. माझ्या वयाच्या बायका केव्हाच दोन-दोन, तीन-तीन सूर खाली उतरल्या. मला वाद्य एकही येत नाही. बँड सूर देतो, मी तो उचलते आणि गाते. पण पाच म्हणजे पाच! वाण्याच्या दुकानात रांगेत उभी असले तरी मी हे कुणाला ना कुणाला सांगायची. नाकानं कांदे सोलायची मला आवडच आहे.

एरॉल दर महिन्याला यायचा, मागे भिंतीशी बसायचा आणि एका वहीत काहीतरी लिहायचा. गात मात्र नव्हता. आम्ही आमची स्वतःची गाणी गातो, ती कुठे छापलेली नाहीत. हा ती उतरवून शहरात नेणार, अशी माझी खात्री झाली.

"अगं, बिचारा वायरी दुरुस्त करून देतो," क्लेम म्हणाला.

"घरात शिरायचं असलं की चोर आधी कुत्र्याशी दोस्ती करतो," मी म्हणाले.

एप्रिलमध्ये क्लेमच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. बँड कोण चालवणार, तर म्हणे एरॉल. माझं मत कुणी विचारलंच नाही.

त्या रविवारी माझी पाळी चौथी होती. गाणं 'तिसरं फाटक', माझं स्वतःचं. आमच्या शेताच्या वाटेवर तीन फाटकं होती. वडील ट्रक चालवायचे आणि फाटकं उघडायला मी उतरायची. गाण्यात तिसऱ्या फाटकापाशी सूर वर जातो आणि तिथे थांबतो. मी माइकपाशी गेले आणि सहज मागे बघितलं, तर आमचा बास गिटारवाला बेव्हन एरॉलच्या कानाशी लागलेला. एरॉलनं कागदावर बोट ठेवलं. बेव्हननं माझ्याकडे बघितलं आणि झटकन मान वळवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की आज काहीतरी शिजतंय.

पहिलं फाटक कसंबसं उघडलं. दुसऱ्याला गळा आवळला. तिसऱ्याला माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो मान पिरगाळलेल्या कोंबडीचा होता. साठ माणसं समोर. कुणी हसलं नाही. उलट नेहमीपेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्याच मला जास्त लागल्या.

चहाच्या टेबलाशी मी एरॉलला गाठलं. "तू पट्टी चढवलीस."

"तुम्ही कागदावर पांढरी पाच लिहिली होती. मी पाचच वाजवली."

"मी जन्मभर पाच गातेय. पाच कशी लागते ते तू मला शिकवणार?"

तो गोंधळून बेव्हनकडे बघायला लागला. बेव्हन हातातल्या सँडविचमध्ये शिरायचा बाकी होता.

"बेव्हन, तू बोल. यानं पट्टी चढवली की नाही?"

"मी आपला बास वाजवतो गं, एव्हिस," बेव्हन पुटपुटला. "मला त्यातलं काय कळतंय?"

चोराच्या मनात चांदणं, म्हटलं. हाही त्याला सामील. मी तिथेच समितीची बैठक घेतली. समिती म्हणजे मी, बेव्हन आणि चहा बघणारी विल्मा. मी म्हणाले, "एक तर तो, नाही तर मी." विल्मानं कपाची कड तीनदा पुसली. बेव्हननं बूट बघितले. त्या माणसाच्या बाजूनं दोघंही एक अक्षर बोलले नाहीत, आणि मी त्याचा अर्थ असा घेतला की माझं खरं आहे.

बुधवारी मीच एरॉलला फोन केला. "पुढच्या महिन्यात येऊ नकोस."

"इथे कुणालाच नाही म्हणत नाहीत असं ऐकलं होतं."

"ते गाणाऱ्यांसाठी. खोड्या काढणाऱ्यांसाठी नाही."

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी दुपारी मी केक घेऊन क्लेमला बघायला गेले. तो पाय स्टुलावर टाकून पडला होता. त्याची बायको रोमा टेबलाशी वाटाणे सोलत होती. मी सगळं सांगितलं, जरा चढवूनच. क्लेमनं केकचा तुकडा खाली ठेवला.

"काढून टाकलंस त्याला?"

"टाकलं. तू असतास तर तूही टाकलं असतंस."

रोमाचे हात थांबले. "क्लेम, तू सांगतोस की मी सांगू?"

"काय सांगायचंय?" मी विचारलं.

क्लेम छताकडे बघत म्हणाला, "एव्हिस, तू पांढरी पाच शेवटची गायलीस तेव्हा माझे केस काळे होते."

मी हसले. तो हसला नाही.

"अकरा वर्षं झाली. आधी मी तुला चारवर आणलं. मग तीन. आता चार वर्षं आम्ही तुला पांढरी दोन देतोय. तू कागदावर पाच लिहितेस, मी पोरांना दोन बोटं दाखवतो."

"बेव्हनला माहीत होतं?"

"अगं, सगळ्या हॉलला माहीत आहे," रोमा म्हणाली. "त्या दिवशी बेव्हन त्या माणसाला तेच सांगायला गेला होता. तेवढ्यात तू वळून बघितलंस."

"आणि एरॉलला आधी कुणी का सांगितलं नाही?"

"मी सांगणार होतो," क्लेम म्हणाला. "पण नव्या माणसाला सांगायचं तरी कसं? कागदावर आहे ते सगळ्यांचं वाजव, फक्त हिचं वाजवू नकोस?"

मी आधी चिडले. अकरा वर्षं मला लहान पोरीसारखं खेळवलंत म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले, ते इथे लिहीत नाही. मग माझा जोर संपला आणि मला रडू आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ साठ जणांनी मिळून झाकून धरली होती, आणि ती उघडी पडू नये म्हणून बेव्हन आणि विल्मानं एक सरळ माणूस बाहेर जाऊ दिला. बाहेर काढणारी मी. एकोणीस वर्षांत पहिलं नाही माझ्या तोंडून गेलं, आणि तेही ज्यानं मी लिहिलेलं खरं मानलं त्याला. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

तशीच उठून पोस्ट ऑफिसात गेले. उन्हाळा सरला तरी उन्हानं रस्ता भाजत होता. एरॉल एका अ‍ॅम्प्लिफायरचं पोट उघडून बसला होता. शेजारी ती वही उघडी पडली होती. तिच्यात आमच्या हॉलचे कुठले प्लग गुणगुणतात आणि कुठला माइक कधी दगा देतो, याची यादी होती. मला गाण्याचा एक शब्द सापडला नाही.

"चूक माझी होती," मी म्हणाले. हे तीन शब्द मला नीट येत नाहीत, सवय नाही.

"चहा टाकू?" त्यानं विचारलं.

"नको. गिटार घे. पांढरी दोन दे."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि दिली. मी गायले. तिसरं फाटक उघडलं, पण मानेच्या शिरा ताठल्या, हे आता माझं मलाच समजत होतं. त्यानं वाजवणं थांबवलं. छान म्हणाला नाही. क्लेम म्हणाला असता.

"अजून खाली?" मी विचारलं.

बोटं सरकवून त्यानं पांढरी एक धरली. मी पुन्हा गायले. तिसऱ्या फाटकाशी आवाज गेला आणि न ओढता तिथे थांबला, हवा तितका वेळ.

"ही तुमची," एरॉल म्हणाला.

म्हणजे क्लेमनं इतकी वर्षं उतरवूनही एक सूर माझी मर्जी राखायला वर ठेवला होता.

"पुढच्या महिन्यात ये," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर तुझी माफी मागते."

"माफी नको," तो म्हणाला. "कागदावर ही पट्टी लिहा, तेवढं पुरे."

मला माफीच मागू दे म्हणून मी त्याच्याशी अर्धा तास हुज्जत घातली.