ठोके ऐकणारी लाकडी नळी

मित्रांनो, मला ओळखणारे आता थोडेच उरले. पेरूच्या लाकडाची, वीतभर लांबीची मी एक जुनी पोकळ नळी आहे. माझं रुंद तोंड गरोदर बाईच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा, की आतल्या बाळाचे ठोके ऐकू येतात.

निकाराग्वाच्या डोंगरात, कॉफीच्या मळ्यांत, युफ्रासिया सुईणीने मला आयुष्यभर वापरलं. ठोके लागले की ती बापाला हाक मारायची, "ये रे, ऐक! घोडा दौडतोय तुझा!" भले भले गडी माझ्यावर कान ठेवून रडले आहेत. सुईण गेली आणि मी सरकारी दवाखान्यात आले. तिथे यंत्र होतं. मी खिळ्याला टांगलेली राहिले. कोळ्याने माझ्यात घर केलं.

पूर्वी बाईच्या जिवावर बेतलं तर तीन डॉक्टर बसून गर्भपाताचा निर्णय घेत. मग कायदा बदलला. कारण कोणतंही असो, महिना कोणताही असो, बंदी. करणाऱ्याला तुरुंग.

एके सकाळी वीज गेली, यंत्र बंद पडलं आणि मला खाली काढून पुसलं. खाटेवर मार्लिंग होती. पाचवा महिना सरत आलेला. गर्भजल वाहून गेलं होतं, अंग तापाने फणफणत होतं. बाळ बाहेर जगण्याएवढं वाढलं नव्हतं, आणि आत राहिलं तर आईच्या रक्तात विष भिनणार होतं.

डॉक्टर रिसोंनी कान लावला. घोडा दौडत होता.

"ठोके आहेत," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला. ज्या आवाजाने आयुष्यभर लोकांना हसवलं, त्याचीच मला त्या दिवशी धास्ती वाटली.

"मग आता?" मार्लिंगची आई तोमासा म्हणाली.

"ठोके थांबायच्या आत हात लावला, तर मला बेड्या पडतील, तोमासाबाई."

"आणि माझी पोर थांबली तर कुणाला पडणार?"

"आई, भांडू नकोस गं," मार्लिंग पुटपुटली. "मला माझी लेक हवीय."

"मलाही माझी हवीय."

डॉक्टर पुन्हा पुन्हा यायचे, पोटाशी वाकायचे, ठोके मोजून जायचे. ताप चढतच होता. दुपारी मार्लिंगचे ओठ निळे पडू लागले. तेव्हा तोमासाने डॉक्टरांच्या हातातून मला ओढून घेतलं आणि लेकीच्या छातीवर टेकवलं.

"सकाळपासून एकीचंच ऐकताय. हिचंही ऐका की जरा!"

असं मला कधीच कुणी टेकवलं नव्हतं. ते काळीज अडखळत, धापा टाकत पळत होतं. डॉक्टरांनी बराच वेळ कान हलवला नाही. मग त्यांनी मार्लिंगला हळूच विचारलं, "लेकीला आत्ताच बाहेर काढावं लागेल. काढू?"

"तिला माझ्या कुशीत द्याल?" ती म्हणाली.

"देईन."

"मग करा."

डॉक्टरांनी दार लावून घेतलं.

मार्लिंग वाचली. लेक तिच्या कुशीत विसावली आणि गेली. ते इवले ठोके खरे होते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून बरोबर काय, याचं सोपं उत्तर मला येत नाही. अंगणात जीप थांबली की डॉक्टर अजून दचकतात. मीही.

मित्रांनो, उद्या तुम्ही डॉक्टर व्हाल, कायदे कराल. तेव्हा एवढंच करा. नळी एकाच जागी टेकवून उठू नका.