तारघरातला जादा माणूस

अकोल्याच्या तारघरात शालिकराम हेडबाबूंना एकाच गोष्टीची धास्ती होती. ऐन वेळी कामाची वस्तू एकच असण्याची. टेबलावरचं यंत्र टकटकत असे, तेव्हा त्याचा जोडीदार कपाटात कापड पांघरून बसलेला असे. बॅटऱ्यांची दुसरी रांग सदा तयार. अमरावतीची तार रेल्वेच्या कडेनं गेलेली. साहेबांच्या मागे लागून त्यांनी दुसरी सडकेच्या कडेनं ओढून घेतली.

"दोन्ही तारा एकाच खांबावर म्हंजे दोन्ही जावई एकाच गाडीत," ते म्हणत. "उलटली का दोन्ही लेकींचं कपाळ फुटलं!"

लोकांना वाटे, काय ही कामावरची निष्ठा! खरं कारण अमरावतीत होतं. त्यांची बायको इंदूबाई तिथं मास्तरीण. लग्न होऊन वर्षं लोटली, तरी संसार शनिवारी संध्याकाळी सुरू होऊन सोमवारी पहाटे संपायचा. बदलीचा अर्ज केला की एकच उत्तर येई : तुमच्यावाचून तारघर अडेल. तेव्हा आपल्यावाचून अडणारच नाही असं तारघर करून दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

शेवटची सोय माणसाची होती. हाताखालच्या गयासुद्दीनला त्यांनी होतं नव्हतं ते सगळं शिकवलं.

"काहून एवढं शिकवून राहिले बाबूजी?" त्यानं एकदा विचारलं.

"माह्या जागी बसवतो तुले. म्या गेल्यावर..."

"तोबा! मरायच्या गोष्टी कायले करता?"

"मरत नाही रे बावा, अमरावतीले जातो!"

"मंग ठीक. मरणापेक्षा बरीच हाय अमरावती."

वैशाखात वादळी वावधन आलं आणि रेल्वेकडचे खांब आडवे झाले. शालिकराम त्या वेळी अमरावतीत होते. गयासुद्दीननं सडकेच्या तारेवरून एकट्यानं काम चालवलं. कापसाच्या दलालांना पत्तासुद्धा लागला नाही.

पाहणीला नागपूरचे साहेब आले. कपाट उघडून पाहिलं, बॅटऱ्या पाहिल्या, गयासुद्दीनला उलटसुलट प्रश्न विचारले, आणि खूश झाले.

"शालिकरामजी, तुमच्यावाचून इथं काहीच अडलं नाही!"

इतकी गोड निंदा शालिकरामांनी जन्मात ऐकली नव्हती. त्यांनी धीर केला. "साहेब, अमरावतीची जागा रिकामी आहे..."

"तेच म्हणतो मी. तिथली व्यवस्था अगदी ढिली आहे. असा तयार माणूसच हवा. गयासुद्दीनला पाठवतो."

"पण साहेब, मी—"

"तुम्ही? तुम्ही इथले मूळ. जादा असेल तेच उचलून देता येतं. टेबलावर चालतं यंत्र कुणी देतं का? कपाटातलं देतात."

शालिकरामांचाच हिशेब होता तो.

साहेब गेल्यावर गयासुद्दीन दारात येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"बाबूजी, माही अम्मी अठी, माही बायको नसीम अठी. मले तिकडे कायले? माह्याऐवजी तुमीच जा ना!"

"मले जाता आलं असतं, तं तुले कायले शिकवलं असतं?"

दोघांनी चहा घेतला. चहा निवूनच गेला होता.

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी बडनेऱ्याच्या फलाटावर गाडी बदलताना दोघांची भेट होऊ लागली. एक अमरावतीला निघालेला, दुसरा अकोल्याला.

"तुह्या अम्मीले म्या काल डागदरकडे नेलं," शालिकराम सांगत. "बरी हाय आता. घराच्या छपराचे कवेलूही फेरून देल्ले."

"इंदूवहिनीचा कंदील म्या दुरुस्त केला," गयासुद्दीन सांगे. "सरपणही आणून टाकलं. काई काळजी करू नका."

"नाही करत," शालिकराम म्हणत, आणि गाडीकडे जरा सावकाशच चालू लागत. दोघांच्याही घरी आता त्यांच्यावाचून काहीच अडत नव्हतं.