सात ठिपके

तिसऱ्यांदा मोजले तरी ठिपके सातच भरले. बाईंनी प्लेट दिव्यासमोर तिरकी धरली, चष्मा कपाळावर सारला, पुन्हा खाली ओढला. सात म्हणजे सात.

बाईंना प्रयोगशाळेत एकवीस वर्षं झाली होती. फ्लूवरचं नवं औषध घडवायचं काम सरांचं. ते खरंच लागू पडतंय का, हे सांगायचं बाईंच्या डोळ्यांनी. प्लेटमधल्या जिवंत पेशींचा थर जांभळा रंगायचा आणि विषाणूनं पेशी मारल्या की तिथे पांढरा ठिपका उरायचा. या औषधानं गेले पाच महिने एकही ठिपका उमटू दिला नव्हता. सगळे हरखले होते. बाईंच्या तर पोटात राहिलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या फ्लूनं धाकट्या बहिणीची फुप्फुसं पार खिळखिळी करून ठेवली होती. तिला त्यांनी रविवारी सांगूनच टाकलं, की या खेपेला जमलं.

आता विषाणूनं औषधातूनही पळवाट काढली होती.

त्या उठल्या, हात धुतले, परत बसल्या. प्लेटची अदलाबदल झाली असेल म्हणून खुणा ताडून पाहिल्या. त्याच चाचणीची जोडीची प्लेट काढली, तर तिच्यात नऊ. तीही दोनदा मोजली.

तेवढ्यात सर आले. बाईंनी दोन्ही आकडे सांगितले. या एका औषधापायी त्यांची सहा वर्षं गेली होती आणि दुपारी वरिष्ठांसमोर त्याचीच बैठक होती. मोजणी उद्यावर नेता येईल का, असं त्यांनी चाचरत विचारलं. हाताळताना काही गडबड झाली असेल, असंही म्हणून पाहिलं. बाई उठल्या. त्यांनी नुसती खुर्ची सरांकडे सरकवली. सरांनी स्वतः मोजलं. फार वेळ लागला त्यांना.

"लिहा," ते म्हणाले. "सात."

बाईंनी लिहिलं. आकडा जरा वाकडाच आला.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच त्या जिन्यात गेल्या. दोन मजले उतरल्या, पुन्हा चढल्या, आणि अखेर बहिणीला फोन लावला.

"मी उगाच बोलून बसले गं. नाही जमलं."

बहिणीनं एवढंच विचारलं.

"पण परत करणार ना?"

"करणार. मुळापासून."

"मग कर की सावकाश. मला कुठे जायचंय?"

बहीण हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत बाई फोन कानाशी धरून जिन्यातच उभ्या राहिल्या.