शंभरातून सात

माणूस चालतो कसा, हे बघण्याचा पगार तिला आठ वर्षं मिळत होता. संशोधन केंद्रातल्या एका लांबट खोलीत ती तंत्रज्ञ होती. आलेल्या माणसाच्या अंगावर गोळ्यांसारखे चमकते मार्कर चिकटवायचे, कॅमेरे सुरू करायचे आणि त्याला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवायचं. मग तेच अंतर शंभरातून सात-सात वजा करत चालायला सांगायचं. धडधाकट माणूस आकडा चुकतो, पण चालत राहतो. मेंदूत आतून बिघाड सुरू झालेला माणूस मात्र हिशेब करायला पाय थांबवतो. असे थांबलेले पाय तिने ढिगाने पाहिले होते.

तुलनेसाठी लागणाऱ्या धडधाकट म्हाताऱ्यांची तिथे कायमची वानवा. केंद्राचे प्रमुख, सर, म्हणायचे, "घरातलं कुणी आणा," की सगळे आपापले सासरे, मावश्या हजर करत. यंदा तिने वडिलांना आणलं. बाबा शाळेची व्हॅन चालवत. तेहेतीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे ते ओळख झाल्यावर दुसऱ्याच वाक्यात सांगून टाकत. आई गेल्यापासून त्या व्हॅनमध्येच त्यांचा जीव होता.

"एवढ्या गोळ्या लावल्यास, गिळायची एकही नाही ना?" त्यांनी विचारलं. ती हसली.

पहिल्या खेपेला ते झकास चालले. दुसऱ्या खेपेला निघाले आणि थांबले. "त्र्याण्णव." चार पावलं. पुन्हा थांबले. "शहाऐंशी." एकोणऐंशीला तर उचललेली टाच तशीच राहिली.

"एकही चुकलं नाही ना?" भिंतीशी पोचल्यावर त्यांनी खुशीत विचारलं.

"नाही, बाबा."

असं काही दिसलं की सरांना सांगायचं, सर डॉक्टरांकडे पाठवतात, असा नियम होता. डॉक्टर सगळ्यात आधी गाडी बंद करतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने नोंदवहीत लिहिलं, "गुडघ्याचे मार्कर सुटले. नोंद बाद." आठ वर्षांत तिने एकही खोटी ओळ लिहिली नव्हती, म्हणून कुणी काही विचारलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली, पण ओळ तिने खोडली नाही.

मग मनाची समजूत घालणं सुरू झालं. वय झालंय, कॅमेरे बघून बावरले असतील. चार दिवस अन्न गोड लागेना, तेव्हा पाचव्या दिवशी अर्धी रजा टाकून ती शाळा सुटायच्या वेळी व्हॅनमध्ये बाबांच्या शेजारी जाऊन बसली.

"आज इकडे कुठे?"

"सहज. तुमच्याबरोबर घरी जावं म्हटलं."

मागे नऊ मुलं कलकलत होती. बाबांनी दोन वळणं अशी सफाईने घेतली की तिचा जीव भांड्यात पडला. उगाच घाबरलो आपण, असं तिला वाटलं. गाडी मोठ्या चौकात शिरली. तेवढ्यात मागून एक मुलगी ओरडली, "काका, त्र्याऐंशीतून सात?"

व्हॅन हळू झाली आणि भर चौकात उभी राहिली. डावीकडून येणाऱ्या ट्रकने करकचून ब्रेक मारला. चारी बाजूंनी हॉर्न वाजू लागले. बाबा समोर बघत होते, त्यांचे ओठ हलत होते.

"शहात्तर," ते म्हणाले आणि गाडी पुढे निघाली.

मागे टाळ्या पडल्या. "बघ, थांबली की नाही? मी जिंकले," मुलगी शेजारच्याला म्हणाली. मग पुढे वाकून तिने सांगितलं, "ताई, काकांनीच शिकवला हा खेळ. तुमच्याकडे म्हणे त्यांचं एकही चुकलं नाही. आता आम्ही रोज विचारतो. गाडी दर वेळी थांबते."

रोज. तिने ती ओळ लिहिल्यापासून रोज.

"बाबा, गाडी बाजूला घ्या."

त्यांनी मुकाट्याने घेतली, आधी सिग्नल देऊन, आरशात बघून, अगदी रीतसर. तिने हात पुढे केला. "किल्ली द्या."

"का गं?" त्यांचा चेहरा उतरला. "शहात्तरच ना? चुकलं का काही?"

"नाही, बाबा. तुमचं काहीच चुकलं नाही," ती म्हणाली, आणि किल्ली तिने स्वतःच काढून घेतली.