बाहेरची कडी

मी एक जुनी कडी आहे. दाराच्या आतल्या बाजूची नव्हे, बाहेरची. अंबरनाथच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताच्या दाराला मी आहे. आतल्या कडीला घरातली बोलणी ऐकू येतात, फोडणीचा वास येतो. माझ्या वाट्याला जिना, समोरचं बंद दार आणि एमआयडीसीकडून येणारा आंबट वारा.

माझा जन्म उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तापवून, ठोकून मला आकार दिला. गोणीत भरताना तिथला सिंधी शेठ गिऱ्हाइकाला म्हणाला, "पक्का माल है साब. घर खाली छोडके आराम से जाओ." मित्रांनो, आमचं काम तेवढंच. कडी बाहेरून लागलेली असली म्हणजे घरात कोणी नाही, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

१९८६ साली त्या घरात श्रीपादराव राहायला आले. केमिकल कंपनीत ऑफिसर. बरोबर त्यांच्या पत्नी मालिनीताई आणि अकरा वर्षांची मुलगी, मीनल. मीनलला सगळंच उशिरा जमायचं. चालणं, बोलणं, फ्रॉकची बटणं लावणं. तेव्हा लोक अशा मुलांना सरळ 'मतिमंद' म्हणत. काही जण त्याहून वाईट बोलत.

एकदा मालिनीताई गच्चीत पापड वाळत घालत असताना मीनल एकटीच खाली उतरली आणि शिफ्टला निघालेल्या कामगारांच्या रिक्षात जाऊन बसली. दोन तासांनी सापडली, कंपनीच्या गेटवर. वॉचमनचं बोट धरून हसत हसत घरी आली. मालिनीताई मात्र हसल्या नाहीत. त्या रात्रभर तिचा हात धरून बसल्या, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून मला नवं काम लागलं. "पाचच मिनिटं हं, मीनू," असं म्हणून त्या मला लावून जात. आधी किराणा, मग दवाखाना, मग शेजारचं हळदीकुंकू. पाच मिनिटांचा कधी तास व्हायचा, कधी दीड.

सुरुवातीला मीनल दार वाजवायची. मी खडखडायचे. समोरचे अण्णा, नुकतेच रिटायर झालेले, एकदा बाहेर येऊन म्हणाले, "वहिनी, रागावू नका, पण दुपारी जरा डोळा लागतो हो आमचा. तिला समजवा ना."

मालिनीताईंचा चेहरा एवढासा झाला. महिनाभर त्यांनी तिला एकच गोष्ट शिकवली. ओठांवर हात ठेवायचा. दार वाजवायचं नाही. आवाज नाही. "शहाणी कोण? मीनू!" हिला काही शिकता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी यायला हवं होतं तेव्हा. ती पक्की शिकली.

त्यानंतर दुपार फार मोठी वाटायची. ती दाराला गाल लावून आत बसे आणि मी बाहेर. मध्ये बोटभर जाडीची फळी. मला उघडता येत नव्हतं, तिला बोलायचं नव्हतं.

आमच्याकडे न चुकता येणारी एकच बाई होती, नवसी. बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरून पालेभाजीची पाटी घेऊन यायची. मी लागलेली असले तरी जिन्यात टेकून दाराशी बोलायची. "मीनल, आज शेवळं आनलीत गं." आतून उत्तर नाही. पण फळीवर नख हलकेच ओढल्याचा आवाज यायचा. तेवढ्यावर नवसीचं समाधान.

एकदा मालिनीताई घरी असताना ती म्हणाली, "माजा भाऊस धाकलू बी असाच हाय. आमी नाय कोंडत. लांब गेला त कोनीबी हात धरून आनतो."

"तुमच्या पाड्यात सगळे ओळखतात गं त्याला. इथं माझ्या पोरीला कोण ओळखतं?"

"दारच नाय उघडलं त कोन वळखनार, वैनी?"

मालिनीताईंना राग आला. चार दिवस त्यांनी तिच्याकडून भाजी घेतली नाही.

मग ती दुपार आली. मालिनीताई एका शाळेत विचारायला गेल्या होत्या, मीनलला वर्गात नुसतं मागे बसू द्याल का म्हणून. इकडे कुठल्यातरी कारखान्यातून वायू सुटला. डोळे झोंबायला लागले. जिन्यात पळापळ झाली. अण्णा तोंडाला ओला पंचा बांधून दारं ठोठावत होते. "चला, खाली मैदानात चला!" आमच्या दारापाशी ते आले. माझ्याकडे पाहिलं.

"हे घर बंद आहे," ते म्हणाले आणि पुढे गेले.

अण्णा वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांनी मला वाचलं, आणि मी त्यांना खोटं सांगितलं. ओरडावं म्हटलं तर कडीला गळा नसतो. आत मीनल होती. तिला गळा होता, पण ती शहाणी मुलगी होती.

जिना रिकामा झाला. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मैदानात काय झालं ते मागाहून जिन्यातल्या बोलण्यातून कळलं. नवसी पाटी टाकून तिथे आलेली. तिने गर्दीत सगळीकडे पाहिलं आणि विचारलं, "मीनल कुठं हाय?"

"आईबरोबर गेली असेल. कडी लावलीय बाहेरून," अण्णा म्हणाले.

"कडी हाय म्हनून त इचारते! कडी असली का पोर आत असते!"

तोंडाला पदर लावून ती धावत वर आली. तिच्या हिसक्याने मी सरकले. आत मीनल जमिनीवर बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि खोकल्याचा आवाज होऊ नये म्हणून तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

ती वाचली. आठ दिवस दवाखान्यात राहिली. शाळेने 'नाही' म्हटलं होतं, तेही त्याच दिवशी. घरी आल्यावर श्रीपादराव म्हणाले, "चांगलं भक्कम ग्रिल बसवून घेऊ." मालिनीताई म्हणाल्या, "आता काही बसवायचं नाही. दार उघडं राहील." अण्णा दारात येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "तिला वाजवू दे, वहिनी. हवं तेवढं वाजवू दे."

दार उघडं राहिलं, पण मीनल बाहेर येईना. उंबऱ्याच्या आत उभी राहून, ओठांवर हात ठेवून जिन्याकडे बघत राहायची. कोंडायला मला क्षण पुरला होता. तिला बाहेर यायला पावसाळा गेला. शेवटी नवसीने तिला खाली आपल्या पाटीपाशी बसवलं, जुड्या बांधायला. एक बाई म्हणाली, "हिच्या हातची नको." नवसी म्हणाली, "मंग माज्या बी हातची नको." अण्णा रोज एक जुडी घ्यायचे. हळूहळू रिक्षावाले तिला नावाने हाक मारू लागले. सगळे नाही. काही अजूनही तोंड फिरवून जातात.

मला काढायला सुतार आला होता. पण इथल्या हवेने माझे स्क्रू गंजून फळीत बसलेत. मग घरच्यांनी माझ्यावरूनच रंग मारून घेतला. आता मला हलता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या जिन्यात एखादं दार बाहेरून बंद दिसलं, तर त्या कडीवर विश्वास ठेवू नका. थांबा. दार वाजवा. आत कोण आहे, त्याचं नाव काय, ते विचारा. उत्तर आलं नाही तरी पुन्हा विचारा.