गरम पाणी आणि सोडा

टिकारामने दोन्ही हात मोबाइलसमोर धरले. बोटांना भेगा, मनगटापर्यंत लाल चट्टे. दुर्गच्या डॉक्टरने एक्झिमा सांगून मलम दिलं होतं. लावलं की बरं, सोडलं की पुन्हा खाज. म्हणून कोरियात शिकणाऱ्या मुलीने, प्रेरणाने, तिथल्या पारंपरिक औषधं देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना व्हिडिओ कॉलवर शेजारी बसवलं होतं. बाई हात सोडून भलतंच विचारत होत्या आणि प्रेरणा ते मराठीत सांगत होती.

"बाबा, जीभ दाखवा. झोप लागते का? पाय थंड राहतेत का गरम?"

"अवं, खाज हाताले हाये! पायाचं कावून विचारून राहिली ते?"

"त्या म्हणतात, चामडी म्हणजे फांदी. मूळ आत असते. आतली गर्मी बाहेर निघते."

"स्टील प्लांटात कोक ओव्हनच्या, कोळशाच्या भट्टीसमोर बत्तीस वर्षं काढले, अन् हे मले गर्मी शिकवते! तिले म्हण, औषध सांग."

"अरे यार बाबा, सांगतील नं. कधीपासून आहे?"

"उन्हाळ्यापासून," तो म्हणाला. खरं तर बायको, कौशल्या, वारली, त्याच्या दुसऱ्याच महिन्यापासून.

"घरात अजून कोणाला होतं?"

"कोनालेच नाही."

"अन् आईचे हात?"

बत्तीस वर्षं कौशल्याने त्याची कोळशाने काळी झालेली वर्दी उकळत्या पाण्यात, धुण्याच्या सोड्यात घालून धुतली. भाकर थापताना भेगांत पीठ जायचं आणि ती ओठ आवळायची. तो ताटावरूनच म्हणायचा, "व्हॅसलीन लाव नं, काय नाटक करून राहिली."

"बाबा, त्या विचारतात, तुम्ही रोज हाताने काय काम करता?"

"कपडे धुतो. तिच्यासारखेच. गरम पाणी, सोडा."

"घरी मशीन आहे नं!"

"मशीनीत तसा वास नाही येत," तो खेकसला.

प्रेरणाने डोळे पुसले आणि बाईंचं बोलणं सांगितलं. मलम सोडायचं नाही. तिखट, तळलेलं कमी. झोप वेळेवर. पण गरम पाणी आणि सोडा आजपासून बंद. ते चालू असेल तर मुळाचं औषधही फुकट.

"तिले विचार," टिकाराम म्हणाला, "तुह्या आईले हे तवाच कोनी सांगतलं असतं, त तिचे हात बरे झाले असते का?"

"बाबा, जाऊ द्या नं."

"विचार म्हनतो नं!"

तिने विचारलं. बाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली.

त्याने फोन उपडा ठेवला. प्लांटमध्ये दर सहा महिन्यांनी हातमोज्यांची नवी जोडी मिळायची. जुनी तो शेजारच्या हिरालालला स्कूटर पुसायला देऊन टाकायचा. एकही जोडी मोरीपर्यंत पोचली नव्हती.

मोरीत सकाळची बादली वाफाळत होती. सोड्याचा तो वास घरभर पसरला होता.

"व्हॅसलीन म्हने," टिकाराम स्वतःवरच चिडून बोलला, आणि बादली लाथेने उपडी केली.