आपल्याच गावातली खोली

मुकुंदरावांना सगळे नातेवाईक 'रूमवाले काका' म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. बार्शीच्या कॉलेजातल्या ऑफिसात नोकरी, रोज एसटीनं जाऊन-येऊन केलेली, आता निवृत्ती. जुळे सोलापुरात फ्लॅट, आणि बायको, यशोदाबाई, जाऊन तिसरं वर्ष. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तसे मुकुंदराव हॉटेलांना बोली लावत बसायचे.

मोबाइलवर तसली एक साइट होती. गाव आणि तारीख टाकायची, आपल्याला परवडेल तो भाव सांगायचा. हॉटेलवाल्याला पटला तर खोली आपली. पैसे तिथल्या तिथं कापले जाणार, परत काही मिळणार नाही, आणि हॉटेलचं नाव कळणार ते त्यानंतर. लोक याला घाबरतात. मुकुंदराव घाबरत नसत. गोवा, उटी, महाबळेश्वर, कुणाकुणाला त्यांनी निम्म्या भावात खोल्या मिळवून दिल्या. स्वतः कुठंच गेले नाहीत. एकट्यानं जाऊन करायचं काय? पण "काका, दोन रूम बघा ना" असा फोन आला, की त्या निमित्तानं चार शब्द बोलणं व्हायचं. खोली मिळाली की पुढच्या सुट्टीपर्यंत फोन गप्प. गरज सरो, वैद्य मरो. त्यांना ते कळत नव्हतं असं नाही.

मे महिन्यात सुनेच्या, देवयानीच्या, चुलतबहिणीचं लग्न होतं, तेही सोलापुरातच, विजापूर रोडच्या कार्यालयात. म्हणजे घरापासून चालत जाण्यासारखं. मुलगा-सून पुण्याहून येणार, नात संस्कृती येणार. मुकुंदरावांनी नवा कूलर आणला, पाण्याचं आणखी एक पिंप घेतलं. घरकामाला येणाऱ्या गिरिजाबाईंना तर त्यांनी आठवडाभर आधीच पिडायला सुरुवात केली.

"पोरगं येणार व्हय साहेब?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"येणार की. सगळेच येणार."

"मग गाद्या उनात टाकते. लई दिवस कुनी झोपलंच न्हाय त्येच्यावर."

त्याच दुपारी मुलाचा, अनीशचा, फोन आला. "बाबा, एक रूम बघता का? लग्नाच्या रात्रीची."

"बघतो की. कुणासाठी?"

"आमच्यासाठी."

"अरे, घर आहे की."

"आहे हो, पण संस्कृतीला एसीशिवाय झोप येत नाही. शिवाय तुमच्याकडं पाण्याचे वांधे. तुम्हाला कशाला उगाच त्रास?"

ज्या पोरानं याच घरात पहाटे उठून नळाला कळशी लावली, तो आज 'तुमच्याकडं' म्हणाला. मुकुंदरावांना ते फार लागलं. पण बोलणार काय? आपलेच दात, आपलेच ओठ. "बघतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

मग त्यांना एक युक्ती सुचली. तिची त्यांना लाज वाटली, पण फार नाही. त्यांनी साइट उघडली, सोलापूर टाकलं, चांगल्यातल्या एसी हॉटेलांचा वर्ग निवडला आणि भाव टाकला साडेचारशे रुपये. एवढ्यात धर्मशाळासुद्धा तोंड वाकडं करेल. बोली फेटाळली जाणार, आणि मग आपण खरंच सांगू शकू, की प्रयत्न केला, नाही मिळाली. मग येतील कुठं? घरीच. ते खुशीत उठले आणि गिरिजाबाईंबरोबर गच्चीवर गाद्या न्यायला लागले.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. गाद्या पसरून खाली येतात तो मोबाइलवर निरोप: अभिनंदन, आपली बोली मान्य झाली आहे. आता मे महिन्याच्या उन्हात सोलापूर बघायला कोण येतंय? हॉटेल रिकामं पडलेलं. आलं गिऱ्हाईक कशाला सोडा, असं म्हणाले असतील. उभ्या आयुष्यात एवढी स्वस्त खोली मुकुंदरावांनी कुणाला मिळवून दिली नव्हती. पैसे गेले ते गेले. त्यांनी ठरवलं, हे आपण कुणाला सांगायचंच नाही.

संध्याकाळी अनीशचा पुन्हा फोन. "मिळाली का?"

"नाही रे. लग्नसराई आहे ना. काय भाव टाकावा तो कमीच." खोटं बोलताना त्यांचा आवाज उगाचच मोठा झाला. "घरीच या. कूलर आणलाय. पिंपं भरून ठेवलीत."

पलीकडं त्यानं देवयानीला काहीतरी विचारल्याचं ऐकू आलं.

"मग राहू दे बाबा. जेवणं उरकून आम्ही तसेच परत निघतो. रात्रीत पोचू पुण्याला. तुम्ही कार्यालयात भेटालच की."

कार्यालयात म्हणजे मांडवातल्या गर्दीत, वाजंत्र्यांच्या आवाजात, ताटावर बसल्या बसल्या. गच्चीवरच्या गाद्या अजून खाली आणायच्या होत्या.

"थांब, थांब," ते घाईनं म्हणाले. "ठेवू नको. हे बघ, आत्ताच आली. मान्य झाली बोली. तुमच्या कार्यालयापासून जवळच आहे. एसी आहे. फारच चांगली खोली आहे रे."

"अरे वा! ग्रेट आहात बाबा." अनीशला खरोखरच आनंद झाला होता. "नाश्ता आहे ना त्यात?"

मुकुंदरावांनी चष्मा लावून बघितलं. "आहे. दोन मोठ्यांचा. लहान मुलाला पैसे नाहीत."

"बेस्ट."

"अनीश, मी सकाळी येऊ का तिकडं? तुम्ही निघायच्या आधी. संस्कृतीशी जरा बोलेन."

"या ना. आम्ही नाश्त्याला खाली असू."

पोरगं पुढं काही म्हणेल असं त्यांना वाटलं. ते काही म्हणालं नाही.

"मी घरून खाऊनच येईन," मुकुंदराव म्हणाले.

"हां, चालेल," अनीश म्हणाला.